चार बाजूंनी मांडलेली गोधडी

सकाळपासून इंद्रायणीनं पाच नक्षी केल्या आणि नोंदयंत्रानं पाचही परत केल्या. पाचवीच्या वेळी तर तिची खात्री होती. तरी पडद्यावर तेच वाक्य आलं: ही नक्षी आधीपासून आहे. शेजारी जुनी नक्षी दिसत होती. तिच्यात आणि इंद्रायणीच्या नक्षीत काहीच सारखं नव्हतं.

"खोटं बोलतंय हे," ती म्हणाली.

"यंत्रांना खोटं बोलता येत नाही, इंद्राताई," दामू म्हणाला. दामू हा घरचा शिवणारा रोबो. "मला येत असतं, तर पहिली नक्षी छान आहे असं मी म्हटलं नसतं का?"

चंद्रावरच्या अरुंधती वस्तीत सगळी घरं जमिनीखाली होती. भिंती राखाडी, दारंही राखाडी. म्हणून इथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाला स्वतःची नक्षी मिळे. ती त्याच्या गोधडीवर शिवायची आणि दारावरही लावायची. बाळ वाचायला शिकायच्या आधी नक्षीवरून आपलं घर ओळखी. दोन बाळांची नक्षी एक असून चालत नसे. बारशापर्यंत घरच्यांनी नवी नक्षी दिली नाही, तर नोंदयंत्र स्वतःच एक ठरवून देई.

इंद्रायणीच्या भावाचं बारसं उद्या होतं. घरातली प्रत्येक गोधडी आजीनं मांडलेली होती. आजी गेल्या वर्षी गेली. भावाची नक्षी यंत्रानं ठरवायची, हे इंद्रायणीला मुळीच मान्य नव्हतं.

ती आबांच्या खोलीत गेली. आबा म्हणजे तिचे आजोबा, डॉ. यशवंत मोहरील. त्यांनी जन्मभर स्फटिकांचा (ज्यांच्यातले कण ठरावीक रचनेत बसलेले असतात अशा पदार्थांचा) अभ्यास केला होता. आजी गेल्यापासून ते फारसे खोलीबाहेर येत नसत. आताही ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिनं आपली पाचवी नक्षी आणि यंत्रानं दाखवलेली जुनी, अशा दोन्हींचे कागद त्यांच्या उशीवर ठेवले आणि ती तिथेच बसून राहिली. शेवटी आबांनी कूस बदलली. कागदांकडे पाहिलं, त्यातला एक नुसता पाव वळसा फिरवला आणि दुसऱ्यावर ठेवला. दोन्ही तंतोतंत जुळले.

"गोधडी अंगावर घेताना कोणती बाजू वर, हे कोण बघतं?" ते म्हणाले. "फिरवून किंवा आरशात बघून जुळली, तरी यंत्र ती एकच धरतं. बरोबर आहे त्याचं."

मग त्यांनी छापील चौकोन मागितले. जुन्या कपड्यांचा लगदा करून वस्तीतलं छपाईयंत्र हे चौकोन काढत असे. सगळे एकाच ठशाचे. चौकोनाला तिरकी रेघ, रेघेच्या एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला पिवळं. आबा समजावू लागले. एक चौकोन चार प्रकारे ठेवता येतो, कारण काळा कोपरा चारांपैकी कुठेही जाऊ शकतो. दुसरा चौकोन घेतला की पहिल्याच्या प्रत्येक प्रकाराला दुसऱ्याचे चार, म्हणजे सोळा. तिसऱ्याला चौसष्ट. दर वेळी चारनं गुणायचं. गोधडीचे सोळा चौकोन मांडले की आकडा चारशे एकोणतीस कोटींच्या वर जातो.

इंद्रायणी चिडलीच. एवढ्या कोटींतून आपल्या वाट्याला नेमक्या घेतलेल्या पाच कशा आल्या?

"तू मांडतेस कशी?" आबांनी विचारलं.

तिनं दाखवलं. एका कोपऱ्यातले चार चौकोन ती मनासारखे लावी, मग कागदाच्या घडीसारखं त्यांचं प्रतिबिंब शेजारी आणि खाली काढी. शाळेत सगळ्यांना असंच शिकवलं होतं.

"म्हणजे मनासारखे फक्त चार. बाकीचे बारा त्यांच्या मागून आपोआप येतात. चार चौकोनांच्या रचना किती?"

"दोनशे छप्पन्न," ती हळूच म्हणाली.

"आणि दोन पिढ्या अख्खी वस्ती तेवढ्यातच शोधते आहे. घडी घालायची सोडून दे. कसेही टाक चौकोन, नवी नक्षी मिळेल."

तिनं चौकोन उधळले. चंद्राचं गुरुत्व (वस्तू खाली ओढण्याची शक्ती) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढं असल्यानं ते सावकाश तरंगत खाली आले. जसे पडले तसे तिनं सोळांच्या चौकटीत लावले. नोंदयंत्रानं ही रचना लगेच मंजूर केली असती. पण ती सांडलेल्या डाळ-तांदळासारखी दिसत होती.

"हे बाळाच्या लक्षात राहणार नाही," ती म्हणाली. "मला नवंही पाहिजे आणि लक्षात राहील असंही."

इंद्रायणीनं ठरवलं, दोनशे छप्पन्नमधली उरलेली एखादी तरी शोधायचीच. पण एकेक मांडायला वेळ फार लागत होता. मग तिला आजीची रीत आठवली. आजी घरातल्या सगळ्यांना गोधडीभोवती बसवी आणि प्रत्येकाकडून आपल्या उजव्या हाताचा कोपरा मांडून घेई. चौघांनी मांडलं तर काम चौपट लवकर होणार होतं. तिनं आईला बाळासकट जमिनीवर बसवलं, समोर दामूला. आबा नको नको म्हणत होते, त्यांनाही तिनं हाताला धरून चौथ्या बाजूला आणलं.

"आपापल्या उजव्या कोपऱ्यात चार-चार चौकोन," तिनं हुकूम सोडला. "जवळच्या दोन्हींचा काळा कोपरा उजव्या मांडीकडे. पलीकडच्या दोन्हींचा डाव्या मांडीकडे."

सगळ्यांनी लावले. इंद्रायणीनं पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. मधल्या रेघेवर काहीच जुळत नव्हतं. डावीकडचं उजवीकडच्याचं प्रतिबिंब नव्हतंच.

"दामू, तू चुकलास."

"मी मांडीचं ऐकलं, ताई. मला मांडी नाही, तरी ऐकलं."

आई हसली. इंद्रायणी चौकोन गोळा करायला वाकली, तेवढ्यात आबांनी तिचा हात धरला.

"मोडू नकोस. ऊठ आणि माझ्या जागी ये."

ती आबांच्या जागी गेली. मग आईच्या, मग दामूच्या. प्रत्येक जागेवरून नक्षी अगदी तशीच दिसत होती. चार काळी पाती एकाच दिशेनं वळलेली, वाऱ्यावर धरलेल्या भिरभिऱ्यासारखी.

आता आबांचा आवाज मोठा झाला होता. घडी घालून मिळते ती परावर्तन सममिती (आरशातल्यासारखं जुळणं), ते म्हणाले. आणि ही घूर्णन सममिती (फिरवल्यावर स्वतःशीच जुळणं). प्रत्येकानं स्वतःच्या जागेवरून तेच केलं, म्हणून प्रत्येक कोपरा आधीच्यापेक्षा पाव वळसा फिरला.

"इथेही मनासारखे चारच चौकोन," इंद्रायणी म्हणाली. "पण बाकीचे बारा वेगळ्या नियमानं येतात. म्हणजे आणखी दोनशे छप्पन्न."

"थोड्या दोन्हीकडे सापडतील. बाकीच्या वेगळ्या."

तिनं नक्षी नोंदयंत्राला दाखवली. यंत्रानं ती फिरवून पाहिली, आरशात पाहिली. मग पडद्यावर आलं: नवी नक्षी. बाळाचं नाव उद्या भरावं.

दामूनं सुईत दोरा ओवला. इंद्रायणी मात्र जमिनीवरच बसून राहिली होती. चौकोनांऐवजी त्रिकोण छापले आणि भोवती सहा जण बसले तर, असं तिनं विचारलं.

"काही स्फटिक तसेच असतात, सहा बाजूंचे," आबा म्हणाले. "करता येईल. पण आपण चौघंच आहोत."

"बाळ धरून पाच."

"त्याला अजून उजवं-डावं कळत नाही."

आबा उठले, खुंटीवरचा सदरा काढला आणि अंगात घातला. कुठे निघालात, असं आईनं विचारलं.

"शेजारी," ते म्हणाले. "त्रिकोण छापून ठेवा. मी माणसं घेऊन येतो."