दुसऱ्या गाडीची फाईल

शेलूबाजारच्या मुकेशची पिकअप दिसायला ठाकठीक होती, पण चढण आली की तिचा जीव जाई. कोबी-टमाट्याचे कॅरेट भरून वाशिमच्या बाजाराला निघाली, की किन्हीराजाच्या अलीकडची चढण ती अशी कण्हत चढे, की मागचे जीपवाले हॉर्न वाजवून वाजवून थकत. भाजीचं काय, उशीर झाला तर थोडी सुकते. पण मागच्या खेपेला याच चढणीवर मुकेशची बायको सुचिता गाडीत होती, कळा सुरू झालेल्या होत्या आणि गाडी कण्हत होती. वाशिमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोटातलं लेकरू गेलं होतं. त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढत नसे. आता सुचिताला पुन्हा दिवस गेले होते, आणि दिवस भरत आले तसं मुकेशनं एका सकाळी कोणाला काही न सांगता गाडी कारंज्याकडे वळवली.

कारंज्याला आदर्श नावाचा एक जण गाड्यांना ‘फाईल मारून’ देत असे. आताच्या गाड्यांना इंजिनाबरोबर एक डोकंही असतं. डिझेल किती प्यायचं, जोर किती लावायचा, हे कंपनीनं त्या डोक्यात आधीच भरून दिलेलं असतं. आदर्श ते काढून दुसरं भरत असे. हे कायद्यात बसत नाही म्हणतात. पण कायदा काही चढणीवर गाडी ढकलायला येत नाही.

स्टिअरिंगच्या खाली वायर जोडून आदर्शनं लॅपटॉप मांडीवर घेतला.

“भाऊ, नवीन बनवत बसू का तयारच टाकू? तुमच्याच मॉडेलची एक हाये मायाजवळ. ज्याची होती, त्याची गाडी निस्ती उडत होती.”

“होती म्हणजे? आता नाई उडत?”

“आता मले काय मालूम? लय दिस झाले, आला नाई तो.”

“टाक मंग. मले घाई हाये.”

एरवी आदर्श अशा फाईलीतला कामापुरता भाग घेत असे. पण बाहेर दोन ट्रॅक्टरवाले ताटकळत होते आणि मुकेशलाही दम नव्हता. त्यानं त्या दुसऱ्या गाडीचं अख्खं डोकंच जसंच्या तसं मुकेशच्या गाडीत ओतलं. जुनी फाईल तेवढी लॅपटॉपमध्ये जपून ठेवली.

गाडी खरोखरच बदलली. गिअर अलगद पडू लागले, चढण कधी आली आणि गेली हे कळेना. संध्याकाळी मुकेशचे वडील भगवंतराव ओट्यावर बसून म्हणाले, “काहून रे, गाडीले काय खाऊ घातलं? बैल असता त मनलं असतं, ढेप चारली.” मुकेश हसला. कितीतरी दिवसांनी तो घरात हसला होता, आणि सुचिता आतून ते ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन नुकतं अंगावर यायला लागलं असताना, भरलेली गाडी चढण चढून वर आली आणि तांड्याच्या फाट्यावर एकदम मंदावली. मुकेशनं ॲक्सिलरेटर दाबला. पाय रिकामाच खाली गेला. गिअरची दांडी हाताखालून निसटून आपोआप न्यूट्रलला आली. गाडी रस्त्याच्या कडेला घरंगळत गेली आणि उभी राहिली. इंजिन बंद पडलं नव्हतं. अगदी हळू, एका सुरात चालू होतं. कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखं.

फाट्यावर कोणीच नव्हतं. पळसाचं एक झाड, तांड्याकडे जाणारी पायवाट, बसायला टाकलेला एक दगड. मुकेशनं बॉनेट उघडलं, वायरी हलवल्या, परत येऊन बसला. काही उपयोग नाही.

या रस्त्यावरच्या भाजीवाल्यांची एक रीत आहे. फाट्यावर कोणी उभं असलं की गाडीत घ्यायचं. गडी मागं कॅरेटांजवळ, बाया पुढं. मुकेशच्या गाडीच्या डाव्या दाराचा बाहेरचा हँडल तुटलेला होता, त्यामुळं ते दार त्याला आतूनच वाकून उघडावं लागे. इतक्या वेळा उघडलेलं, की हाताला सवय झालेली. त्या सकाळी वैतागून, थोडं स्वतःचीच थट्टा करत, मुकेश वाकला, दार उघडलं आणि म्हणाला, “बसा बाप्पा, कोण असान ते.”

थोडा वेळ गेला. त्यानं दार लावून घेतलं. गिअर टाकला, तर गाडी सुरळीत निघाली.

मग ते रोजचंच झालं. गाडी फाट्यावर थांबे, मुकेश वाकून दार उघडे, ‘बसा’ म्हणे, आणि गाडी पुढं निघे. माणूस कशालाही सरावतो. आदर्शला फोन केला, तर तो म्हणाला, सेन्सरचा काहीतरी लफडा असंल, सवडीनं आणा. मुकेशला ते पटलं, म्हणजे त्यानं ते पटवून घेतलं. केबिनमध्ये हल्ली एक वास येत असे, त्याबद्दल मात्र त्यानं आदर्शला काही सांगितलं नाही. ओव्याच्या धुरीचा वास. बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा.

एका बाजारच्या दिवशी फाट्यावर धनीबाई उभी होती. तांड्यावरची म्हातारी, मुकेशच्या गाडीत नेहमी पुढं बसून जाणारी. गाडी थांबली, मुकेशनं दार उघडलं. धनीबाईनं आत पाहिलं. मग ती मागं गेली आणि चाकावर पाय देऊन, या वयात, कॅरेटांवर चढू लागली.

मुकेश खाली उतरला. “मावशी, हे काय? पुढं बस ना. जागा हाये.”

“कुठं हाये जागा?” धनीबाई म्हणाली.

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. कॅरेटांवर नीट बसून पदर सावरला आणि मग हळूच विचारलं, “सेवालालची गाडी कवा घेतली तू?”

“कोण सेवालाल? मायीच गाडी हाये ही. पयलेपासून.”

“आवाज त्याच्या गाडीचा हाये.” म्हातारी पायवाटेकडे पाहत बोलली. “आमच्या तांड्यावरचा पोरगा. बाया-माणसं ऊसतोडीले नेऊन सोडे. त्याची बायको रुखमाबाई, दिवस भरले तिचे. फोन केला त्याले, म्हणे तू फाट्यावर ये, मी आलोच, गाडी आता लय पयते. ती आली. या दगडावर बसली. तो येऊन राह्यलता… लयच जोरात येऊन राह्यलता. खालच्या वयणावर पलटी झाली गाडी. तो तिथं गेला अन् ही इथं. वाट पाहू पाहू. लेकरू पोटातच राह्यलं.”

इंजिन त्याच एका सुरात चालू होतं.

“चाल,” धनीबाई म्हणाली. “तिले वाशिमले जायचं हाये. उशीर करू नको.”

भीती मुकेशला तेव्हा पहिल्यांदा वाटली, आणि ती स्वतःसाठी नव्हती. याच गाडीतून, याच फाट्यावरून त्याला सुचिताला न्यायचं होतं. दुसऱ्याच दिवशी कारंज्याला जाऊन जुनी फाईल परत टाकून आणायची, असं त्यानं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण होतं न होतं, तोच त्याची आई सीताबाई आतून ओरडली, “मुकेश, गाडी काढ!”

सीताबाई मागच्या जीपनं सामान घेऊन येणार होती. सुचिता पुढं, दाराच्या बाजूला बसली. गाडी चढणीवर अशी चढली की काही विचारू नका. मुकेशनं मनातल्या मनात आदर्शला दुवा दिली. पण वर येताच पायाखालचा जोर गेला. दांडी निसटली. गाडी फाट्यावर येऊन उभी राहिली.

“काय झालं?” सुचितानं ओठ चावत विचारलं.

“काई नाई… काई नाई. दोन मिनिट.” दार उघडायला सुचिताच्या पुढून वाकावं लागणार होतं, आणि त्याचं धाडस होईना. ते दार उघडलं तर काय होईल, आणि नाही उघडलं तर काय होईल, दोन्ही त्याला ठाऊक नव्हतं. मागच्या खेपेचं ते कण्हणं त्याच्या कानात होतं. “देवा,” तो पुटपुटला, “या खेपेले नको…”

सुचितानं बाहेर पाहिलं. मग एका हातानं पोट धरून ती मुकेशकडे सरकली, मधात आली, आणि दुसऱ्या हातानं तिनंच दार उघडलं.

“बसा बाई,” ती म्हणाली. “तुमालेबी जायचं दिसते.”

दार लागलं. गाडी सुटली. वाशिमपर्यंत मुकेशनं डावीकडे एकदाही पाहिलं नाही. सुचिता मात्र अधूनमधून पुटपुटत होती, आणि ते त्याच्याशी नव्हतं. एकदा ती म्हणाली, “हात नका सोडू माया.” एकदा म्हणाली, “दाखवीन ना. पयले तुमालेच दाखवीन.”

ते वेळेत पोचले. मुलगी झाली, ठणठणीत, दवाखाना डोक्यावर घेणारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मुकेश बाहेर जिन्यात बसून रडला. लाज न वाटता, मोठ्यानं रडला.

डोळे पुसले आणि पहिलं काम त्यानं ती फाईल काढायचं केलं. आदर्शला वाशिमला बोलावून घेतलं. आदर्शनं दवाखान्याच्या मागं, लिंबाखाली गाडीला वायर जोडली.

“ही फाईल कोनाची होती रे?” मुकेशनं विचारलं.

“सेवालाल म्हणून होता एक. किन्हीराजाकडचा. काहून?”

“काई नाई. पुरी काढ. एक अक्षर ठेवू नको.”

जुनं डोकं परत आलं. मुकेशनं एक चक्कर मारून पाहिली. गाडी पूर्वीसारखीच आळशी झाली होती, आणि इतका आनंद त्याला ती उडत होती तेव्हाही झाला नव्हता.

सुचिताला दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी सीताबाई सकाळच्याच गाडीनं पुढं गेली. सून-नात दारात येतील तेव्हा भाकरतुकडा ओवाळायला कोणीतरी घरी पाहिजे. मुकेशनं सुचिताला दाराजवळ बसवलं, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली पोर दिली, खिडकीची काच वर घेतली. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. किन्हीराजा मागं गेलं.

“फाटा आला,” सुचिता म्हणाली. “थोडं थांबवजा.”

“कायले?”

“दाखवीन मनलं होतं मी तिले.”

“सुचिता, तिथं कोनी नाई. अन् ही गाडी आता थांबत नाई.”

आणि गाडी खरंच थांबली नाही. पळस आला, दगड आला, दोन्ही मागं गेले. इंजिनाचा सूर बदलला नाही, दांडी जागची हलली नाही. मुकेशनं केवढा तरी श्वास सोडला. चढण उतरून गाडी सपाटीला लागली, तेव्हा गिअर बदलायला त्यानं हात खाली नेला आणि हाताला सुचिताचा गुडघा लागला.

ती मधात बसली होती.

तिचे दोन्ही हात रिकामे होते. ती समोर रस्त्याकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडावर रंग नव्हता. केबिनमध्ये ओव्याच्या धुरीचा वास दाटला होता.

“पोरगी…” मुकेश म्हणाला.

“हाये. झोपली हाये.” सुचिता ओठ न हलवता बोलत होती. “तिकडं पाहू नका. मागितली तिनं. मले नाई मनता आलं नाई.”

“बसली कवा ती? आपुन थांबलोच नाई…”

“उतरली कवा होती?”

मुकेशला आठवलं. रोज सकाळी वाकून त्यानं दार उघडलं होतं, रोज ‘बसा’ म्हटलं होतं. वाशिम आलं की तो आपला कॅरेट उतरवायला मागं जाई. ‘उतरा’ असं तो कोणालाच, कधीच म्हणाला नव्हता.

शेलूबाजारचं वळण आलं. मुकेशचा पाय ब्रेककडे गेला.

“नका थांबवू,” सुचितानं त्याच्या मांडीवर हात दाबला. बोटं बर्फगार होती. “थांबलो का उतरंल ती… लेकरू घेऊन.”

घर दिसू लागलं. दारात सडा घातलेला होता. भगवंतराव ओट्यावरून उठून उभे राहिले होते, आणि सीताबाई एका हातात भाकरतुकडा, एका हातात पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली होती. हसत होती. गाडी जवळ आली, तशी ती डोक्यावरचा पदर सारखा करू लागली.

मुकेशनं गिअर बदलला नाही. ओट्यासमोरून गाडी गेली, तेव्हा आरशात त्याला आई दिसली. भाकर हातात धरून, मान वळवून पाहणारी, आणि मग लहान लहान होत गेलेली.

पुढं कारंज्याचा रस्ता सरळ होता. पोर झोपेतच चुटूचुटू तोंड वाजवत होती, अंगावर पाजताना वाजतं तसं.

डिझेलचा काटा पाव टाकीच्या खाली आला होता.