बशीनं दाखवलेली खुर्ची

माझ्या अँटेनाला गावात सगळे बशीच म्हणतात. आकार तेवढाच. मध्ये एक पितळी काडी, भोवती बारा, आणि त्या प्रत्येकीच्या बुडाशी एक इलेक्ट्रॉनिक बटण. कुठल्या काड्या जाग्या ठेवायच्या नि कुठल्या झोपवायच्या हे बदललं, की बशी जागची न हलता हव्या त्या दिशेला कान लावते. स्टेलनबॉशच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत मी तिच्यापायी रक्ताचं पाणी केलं. हेतू साधा होता. कोळ्याच्या जॅकेटात एक छोटा टॅग शिवायचा. माणूस पाण्यात पडला, की होडीवरची बशी तो कुठे आहे ते फोनवर बाणानं दाखवणार.

पोकेल ऊम पाण्यात पडले तेव्हा असलं काही नव्हतं. ते माझ्या सार्लिन तानीचे, म्हणजे मावशीचे नवरे, म्हणून ऊम, काका. समुद्रानं त्यांना नेलं ते नेलंच, अंगातल्या लोकरी स्वेटरसकट. आता त्यांचा एलरिको अठरा वर्षांचा झाला होता आणि होडीवर जायचं म्हणून हटून बसला होता. शेवटी तानीनं अट घातली.

"टॅग मी लपवते, मर्लिझ. तुझ्या बशीनं पहिल्या झटक्यात शोधला तर सोमवारी पोरगा जाईल. नाहीतर जन्मभर इथे माझ्यासमोर बटाटे सोलत बसेल."

शनिवारी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. मी नवा कोरा टॅग तानीच्या हातात दिला आणि ती तो घेऊन गेली. एलरिको आणि मी धक्क्यावर थांबलो. बऱ्याच वेळानं मी बशी चालू केली. बाण सरळ समुद्राकडे वळला.

"सस, परत उलटी जोडलीस?" एलरिको म्हणाला. मी मोठी, म्हणून मला तो सस म्हणतो. मान काही देत नाही.

त्याचं चुकत नव्हतं. मागच्या खेपेला मी काड्यांचे आकडे वरून बघून लिहिले आणि तारा डाग देऊन जोडल्या खालून. डाव्याचं उजवं झालं आणि अख्खा धक्का माझ्यावर हसला. म्हणून मी बशी हातात गोल फिरवून पाहिली. जोडणी चुकली असती तर बाणही भरकटला असता. तो पाण्याच्या त्याच पट्ट्यावर खिळून होता. फोनवरचा क्रमांकही त्याच टॅगचा होता.

"मग आईनं पाण्यातल्या सीलच्या गळ्यात बांधलाय," एलरिको म्हणाला. मला हसू आवरेना.

पण तिथे सील नव्हता. होडीही नव्हती. सिग्नल मात्र वाढत होता. बाण हळूहळू धक्क्याच्या पायऱ्यांवर आला, मग आमच्या अगदी जवळ, आणि एकदम गर्रकन मागे वळला. ओल्या लोकरीचा वास आला आणि गेला.

"आत्ता आपल्यामधून कुणी गेलं का?" एलरिकोनं विचारलं.

"वारा असेल," मी म्हणाले. वारा पडलेला होता.

बाण चढावरून गावात निघाला, माणसाच्या चालीनं. आम्ही मागोमाग. तो तानीच्याच घरात शिरला.

स्वयंपाकघरात तानी वडे तळत होती. बाण खिडकीपाशी पोकेल ऊमच्या खुर्चीवर थांबला. तिथे कुणी बसत नाही. तानीनं उशी उचलली. खाली टॅग होता.

एलरिकोनं मला उचलून गरगर फिरवलं. मलाही इतका आनंद झाला की मी दोन वडे सलग खाल्ले. मग टॅग हातात घेतला.

बॅटरीवरची कागदी पट्टी तशीच होती. नव्या टॅगमधून ती ओढून काढावी लागते. मी विसरले होते.

"तानी, हा चालूच नव्हता."

"म्हणजे नापास?" एलरिकोचा चेहरा पडला.

तानीनं पट्टी निरखून पाहिली. टॅग ॲप्रनच्या खिशात टाकला.

"मग तू इथवर कुणाच्या मागून आलीस?"

मी फोनकडे पाहिलं. बाण अजून खुर्चीवरच होता. मला भीती वाटत होती.

तानीनं गॅस बारीक केला. "एलरिको, दुकानातून साखर घेऊन ये."

"साखर आहे की."

"जा म्हटलं ना."

तो कुरकुरत गेला. तानी माझ्या खांद्यावरून फोनकडे बघू लागली.

बाण खुर्चीवरून हलला. दाराकडे वळला.

"निघाला ना त्याच्याबरोबर?"

"हो."

तानीनं डोळे पुसले आणि मोकळं हसली. "मग जाऊ दे पोराला सोमवारी."

मी खिडकीतून पाहिलं. गल्ली रिकामी होती. एलरिको शीळ घालत, भिंतीला अंग घासत, अगदी कडेनं चालला होता. शेजारी कुणाला तरी जागा द्यावी तसा.