वारंवार म्हणजे किती?

इमिग्रेशन ऑफिसच्या चौकशी विभागात आम्ही दोघं शेजारशेजारच्या खिडक्यांशी उभे होतो आणि एकच प्रश्न विचारत होतो.

मला तो मावशीसाठी विचारायचा होता. मावशीचा पासपोर्ट परदेशातला, पण आम्ही राहतो त्या देशात यायला तिला व्हिसा लागत नाही. आली की तीन महिने राहते, जाते, आणि जरा कुठे करमेनासं झालं की पुन्हा येते. मागच्या खेपेला विमानतळावर तिला बाजूला घेऊन बरंच खोदून विचारलं, तेव्हापासून तिने धसकाच घेतला होता. शेजारचा उंच माणूस मात्र स्वतःसाठीच विचारत होता.

माझ्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, दर खेपेला तीन महिने. कितीही वेळा या. त्याच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, वर्षभरात मिळून तीनच महिने.

आम्ही एकदमच माना वळवल्या.

"खिडक्या बदलून बघूया?" तो म्हणाला.

बदलल्या. बाईंनी त्याला वेबसाइट बघायला सांगितलं. गृहस्थ मला म्हणाले, वारंवार येणाऱ्यांचं विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. वारंवार म्हणजे किती, असं मी विचारलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते परिस्थितीवर असतं म्हणाले. त्यांच्या काचांवर इतके ओरखडे होते, की परिस्थिती तरी कशी दिसत असेल कोण जाणे. आमचं चष्म्यांचं दुकान आहे, बाबांचं आणि माझं. त्यामुळे नजर आधी तिथेच जाते.

बाहेर भुरभुर पाऊस होता. छपराखाली उभं राहून मी त्याला विचारलं, इतक्या वेळा इथे येण्यासारखं आहे तरी काय? तो म्हणाला, शेवाळ. नदीच्या जुन्या दगडी भिंतीवर बऱ्याच जातींचं शेवाळ वाढतं, त्याच्यावर तो पुस्तक लिहीत होता. ते प्रत्येक ऋतूत बघायला हवं, म्हणून या खेपा.

"शेवाळ म्हणजे तेच ना, ज्याच्यावरून लोक घसरून पडतात?"

"घाईत असतात ते पडतात," तो म्हणाला. "तुम्ही घाईत आहात?"

मी खरंच घाईत होते, दुकान उघडायचं होतं... पण नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर नदीवर गेले. त्याने खिशातलं भिंग माझ्या डोळ्यांशी धरलं आणि दगडावरचा हिरवा डाग एकदम रान झाला. भिंग मात्र अगदीच टाकाऊ होतं. मी त्याला दुकानात नेऊन चांगली काच बसवून दिली. मग तो काही ना काही निमित्ताने येऊ लागला. कधी स्क्रू सैल झालाय, कधी काच पुसायचं फडकं हवंय. बाबा आतून सांगायचे, "शेवाळ आलाय गं. जपून."

तीन महिने झाले, तो गेला. पुन्हा आला, तेव्हा विमानतळावर त्याला जरा जास्त वेळ उभं केलं होतं. आता माझंच कुतूहल चाळवलं. मी ट्रॅव्हल एजंटला विचारलं, हेल्पलाइनला फोन केले, बाबांच्या एका निवृत्त अधिकारी गिऱ्हाइकालाही गाठलं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि प्रत्येकजण छातीठोकपणे सांगणारा. संध्याकाळी नदीकाठच्या कठड्यावर बसून मी त्याला नवी उत्तरं ऐकवायची, आणि आम्ही हसायचो.

"वारंवार म्हणजे किती, हे शेवटी कळलंच नाही," एकदा मी म्हणाले.

"मला तर अजून एकदाच आल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला, आणि पाण्याकडे बघत बसला.

मी नुसतीच चपलेची टाच दगडावर आपटत राहिले.

ओळख झाल्यापासूनच्या तिसऱ्या खेपेला मी त्याला आणायला विमानतळावर गेले. सगळे प्रवासी बाहेर आले, त्यांच्या मागून विमानातले कर्मचारीही आले, तो मात्र आला नाही. बऱ्याच वेळाने त्याचा फोन आला. त्याला आतल्या एका खोलीत बसवलं होतं आणि पुढच्या विमानाने परत धाडणार होते.

माझ्या तोंडून 'तुम्ही' निघालंच नाही. "नेहमीसारखं शेवाळ सांगायचं होतंस ना?"

"सांगितलं. तर म्हणाले, शेवाळ तुमच्या देशातही उगवतं. मग जे तिकडे नाही ते सांगितलं. म्हटलं, चष्म्याच्या दुकानात एक मुलगी आहे. तर म्हणाले, म्हणजे तुम्ही कायमचेच राहाल."

"मग तू काय म्हणालास?"

"तिने ठेवून घेतलं तर, असं म्हणालो."

पलीकडे कोणीतरी त्याला उठायला सांगितलं आणि फोन बंद झाला. मी त्या काचेच्या दारासमोर हसत होते की रडत होते, ते बाजूच्या माणसालाही कळलं नसेल.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हातातली फ्रेम वाकवत राहिले. मग म्हणाले, त्याला येऊ देत नाहीत तर तू जाऊन बघ. दुकान मी सांभाळतो.

मी कधी विमानात बसले नव्हते. त्याच्या देशात व्हिसा लागत नाही एवढंच माहीत होतं. किती वेळा, किती दिवस, ते तिथलंही कोणी नीट सांगेना. तिथल्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईने विचारलं, कशासाठी आलात? खरं बोलण्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं. तरी म्हणाले, एका माणसाला भेटायला. तिने माझं परतीचं तिकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

तो बाहेरच उभा होता. आम्ही चालत निघालो. बराच वेळ प्रवासाचं, बाबांचं, मावशीचं बोलून झालं. मग तो म्हणाला, त्याने वकिलाकडे चौकशी केलीय. "सगळ्यात एकच नियम स्पष्ट आहे. नवराबायकोंचा."

"म्हणजे नियमासाठी विचारतोयस?"

"नाही." त्याचे कान लाल झाले. "विचारणार होतोच. फक्त... इतक्या लवकर धीर झाला नसता."

मी म्हणाले, माझीही एक चौकशी राहिलीय. "तुझ्या घरी सकाळी आधी उठून चहा कोण करतं?"

"मी."

"मग चालेल."

तो रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, तरी हलेना. शेवटी मीच त्याचा हात धरून त्याला कडेला घेतलं, आणि मग तो हात सोडायचा राहूनच गेला.