डोंगराचं झाकण

बॅरन बेटावरच्या डोंगराला रोज वाफेचा तुरा असायचा. आज डोंगर बोडका. वाफ गेली कुठे?

"आजोबा, डोंगर विझला वाटतं," संगणकाच्या पडद्याकडे बघत इरा म्हणाली. "मग आई उतरेल ना बेटावर?"

आईची बोट बेटापासून तासाभरावर होती. भूशास्त्रज्ञ (खडकांचा अभ्यास करणारे) आजोबा अंदमानातल्या निरीक्षणगृहात चहात बिस्कीट बुडवत होते.

"घाई नको. १७८७ साली खलाशांनी याला धुमसताना पाहिलं. पुढे दीडशेहून जास्त वर्षं हा निजला. लोक म्हणाले, गेला. १९९१ला उठून बसला. मला सांग, पिठल्यावर झाकण ठेवलं की वाफ दिसते का?"

"नाही. पण आत रटरटतं. मग झाकण उडतं नि ओटा पिवळा होतो."

"तसंच हे. पोटात शिलारस (वितळलेला खडक), त्यात वायू. तोंडाशी शिलारस थिजला की झालं झाकण. वायू कोंडतो, डोंगर केसभर फुगतो, उतार बदलतो. तेच कळावं म्हणून तर तुझा ढब्बू तिथे बसवलाय."

ढब्बू हा यंत्रमानव. त्याला मराठी शिकवली इरानेच.

"ढब्बू, उतार बदलला का रे?"

"नाही इराताई. मी सरळ बसलोय."

इरा चपापली. पंगतीत ताठ बसायचं, वाकडं झालं तर गुपचूप सरळ व्हायचं, तक्रार करायची नाही, हेही तिनेच शिकवलं होतं.

"सरळ किती वेळा व्हावं लागलं?"

"पहाटेपासून एकतीस वेळा. माझाच पाय आखूड झाला असेल म्हणून बोललो नाही."

आजोबांचं बिस्कीट चहात बुडालं. "पाय नाही रे गाढवा, डोंगर फुगलाय. किनाऱ्याकडे पळ." त्यांनी बोटीला फोन लावला. "नंदिनी, मागे फीर."

"बाबा, इथे तर काहीच दिसत नाहीये."

"त्याचीच तर भीती वाटतेय."

दुपारी दोनला झाकण उडालं. राखेचा काळा लोट उठला, तांबडा लाव्हा (बाहेर आलेला शिलारस) समुद्रात उतरला. आईची बोट तोवर लांब होती, आणि ढब्बू बेटावरच्या रानबकऱ्यांसोबत पलीकडच्या किनाऱ्यावर.

संध्याकाळी आईचा आवाज आला. "इरे, सकाळी जिथे होडी लावणार होते ना, तिथे आता जमीन आहे. काळी कुळकुळीत."

"ती नकाशात आहे?"

"कशी असेल? चार तासांची आहे ती."

इराने नकाशा पुढे ओढला आणि बेटाला नवा किनारा काढायला घेतला.

"पेन्सिलीनेच काढ," आजोबा म्हणाले. "हे बेट अजून वाढत्या वयाचं आहे."