जिन्याची जागा

लिफ्ट नेमकी त्याच दुपारी बंद होती. पुठ्ठ्याचं घर दोन्ही हातांत सांभाळत मी कॉलेजचा जिना चढत होते, समोरचं काही दिसत नव्हतं, आणि वळणावर मी सरळ एका माणसावर जाऊन आदळले. त्याने आधी माझं मॉडेल सावरलं, मग मला. हा ओळंबा, कॉलेजच्या वरच्या मजल्याच्या बांधकामावरचा सुपरवायझर. उंच आणि भिंत तपासायच्या ओळंब्याच्या दोरीसारखा सरळसोट, म्हणून गवंड्यांनी ठेवलेलं नाव.

मी दिवसा आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते आणि संध्याकाळी शिकते. त्या दिवशी त्या वर्षाची शेवटची तोंडी परीक्षा होती. नापास झाले असते तर अख्खं वर्ष गेलं असतं आणि आर्किटेक्टचा परवाना आणखी लांब पडला असता.

"एक विचारू?" तो वाकून बघत म्हणाला. "जिना वर जातो, पण वरच्या स्लॅबला भोकच नाही. घरातल्या माणसांनी डोकं आपटून परत फिरायचं का?"

खरंच की... नकाशात मी ती जागा मोकळी सोडली होती. पण पुठ्ठा कापताना डोळ्यांवर झोप होती, आणि वरचा मजला सपाट चिकटवून मोकळी झाले होते. ऑफिसात मात्र दुसऱ्यांच्या जिन्यांची पायरी न् पायरी तपासते मी. राग स्वतःचा आला होता, काढला त्याच्यावर. तुम्हाला कोणी विचारलं होतं, असंही ऐकवलं. त्याने मनावर घेतलं नाही, खिशातून कटर काढला.

"भिंती तुम्ही धरा. हात हलला तर घर माझ्या अंगावर यायचं."

"आलं तर बरंच होईल," मी म्हटलं आणि दोघंही हसलो.

तिथेच पायरीवर बसून तो कापत राहिला. बोटाला बोट लागत होतं – गरजेपेक्षा जरा जास्तच. भिंतींकडे लक्ष द्यायचं सोडून मी त्याच्या पापण्यांवरची सिमेंटची धूळ बघत होते.

परीक्षकांनी त्या खडबडीत कडेवरच बोट ठेवलं. थाप मारायचं मनात आलं होतं, पण खरं ते सांगितलं: विसरले होते, आत्ता जिन्यात बसून कापलं. पुठ्ठ्यावर चुकलात ते बरं झालं, नाहीतर काँक्रीट फोडावं लागलं असतं, असं म्हणून त्यांनी मला पास केलं.

खाली ओळंबा उभा होता. सहज थांबलोय म्हणाला, पण हेल्मेट उगाच या हातातून त्या हातात करत होता. पास झाल्याचं ऐकून त्याने धीर केला. एखाद्या संध्याकाळी चहाला... मी सांगितलं, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी परवान्याचा अभ्यास, रविवारी घरी ड्रॉइंग. अजून दोन वर्षं मला सवड नाही. सांगताना माझंच तोंड उतरलं, कारण तो मला आवडला होता.

"रविवारी ड्रॉइंगच्या शेजारी बसायला परवाना लागतो का?"

"नाही... पण आई विचारेल, हा कोण."

"मग काय सांगाल?"

"मला आवडतो, असं सांगेन."

रविवारी तो आला. ड्रॉइंग अर्धंही झालं नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.