बाईसाहेबांचं वासरू

तो पहिल्यांदा आमच्या प्रयोगशाळेत आला तेव्हा नखशिखान्त भिजलेला होता, आणि छातीशी धरलेली पेटी मात्र कोरडी होती. स्वतःचं जर्किन त्यानं पेटीला घातलं होतं.

"रक्त आणलंय, गाईंचं," तो धापा टाकत म्हणाला. "आमच्या पशुवैद्यांनी सकाळीच काढून दिलं. ताजं आहे... अगदी थंडगार!"

त्या 'थंडगार'नंच मला शंका आली. मी झाकण उघडलं. सगळ्या नळ्या गळ्यापर्यंत बर्फात रुतून बसल्या होत्या.

"बर्फ कुणी घालायला सांगितला?"

"कुणी नाही. मीच घातला." वर पुन्हा चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा!

"मारलंत तुम्ही त्यांना!"

"कुणाला?" तो खरंच मागे वळून बघायला लागला.

मला हसू येत होतं आणि रागही. मग समजावून सांगितलं. आम्ही या रक्तात आजाराच्या जंतूंचा अर्क घालून ते रात्रभर उबेत ठेवतो. ते जंतू गाईच्या अंगात आधीच शिरले असतील, तर रक्तातल्या पेशी त्यांना ओळखतात आणि एक द्रव्य सोडतात. ते मोजलं की गाय आजारी दिसायच्या कितीतरी आधी कळतं. पण ओळखायला पेशी जिवंत आणि धडधाकट हव्यात. गारठलेल्या पेशी कुणालाच ओळख दाखवत नाहीत.

"आमचा दुधाचा धंदा," तो ओशाळून म्हणाला. "काढलं की बर्फात, एवढंच ठाऊक. म्हणजे आता... सगळ्यांना पुन्हा टोचायचं? बिचाऱ्या सकाळी इतक्या शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या हो."

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? त्यांचे पशुवैद्य नेमके रजेवर निघाले होते. "मी येते रक्त काढायला," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते कुणीतरी मीच होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीनं भुवई उडवली. पशुवैद्यकाची पदवी माझ्याकडे होती, पण गाईला हात लावून वर्षं लोटली होती. तो गेल्यावर तिनं त्याचं नाव 'बर्फवाला' ठेवलं, आणि तेच पडलं.

त्याचा गोठा टेकडीच्या उतारावर होता. लख्ख धुतलेला, आणि थोडा रिकामा रिकामा. तो का, ते त्याच्या आईनं चहा देता देता सांगितलं. मोठा कळप होता त्यांचा. मग एकेक गाय खायची प्यायची, आणि तरी वाळत जायची. आतड्यांचा चिवट आजार. औषध नाही. कळेपर्यंत अर्धा गोठा गेला, आणि त्या धक्क्यातून त्याचे वडील सावरलेच नाहीत.

"गेलेल्या गाईंच्या वासरांतली उरली ती ही एकटी," ती म्हणाली. "आई मेली तेव्हा एवढीशी होती. यानं बाटलीनं पाजून वाढवली. लाडावून ठेवलीय नुसती!"

ही म्हणजे बाईसाहेब. पहिलटकरीण गाभण कालवड, पण तोरा असा की दार उघडलं की आधी ती बाहेर, पाण्यावर आधी तिचं तोंड, आणि थोराड गाई मुकाट मागे. मी सुई काढताच तिनं शेपटीचा फटका माझ्या तोंडावर दिला.

"तुम्ही आवडलात तिला," तो म्हणाला.

"हे आवडणं?"

"मला तर लाथ मारते."

"त्याला पहिल्यापासून अशाच आवडतात," आई कपबशा उचलत म्हणाली, आणि आम्ही दोघंही गाईंकडे बघायला लागलो.

परतताना गाडी तोच चालवत होता. नळ्यांची पेटी माझ्या मांडीवर. बाहेर पाऊस झोडपत होता आणि काचा धुरकटल्या होत्या.

"हीटर बंद करा," मी म्हणाले.

"गारठाल तुम्ही."

"मी गारठले तर चालेल. यांना वाटेत ना गारवा चालतो, ना ऊब."

"फार लाडाच्या दिसतात."

"माझ्या आहेत."

"मग असणारच..." असं म्हणून त्यानं काही कारण नसताना गिअर बदलला. रस्ता सरळ होता, गाडी मात्र उगाचच हळू होत गेली. मीही घाई करा म्हणाले नाही.

रक्त तपासलं. सगळ्या गाई निर्मळ निघाल्या—एक सोडून.

मी पुन्हा तपासलं. बाईसाहेबांच्या पेशींनी दोन्ही वेळा जंतू ओळखले. जन्मल्या जन्मल्या आईच्याच दुधातून आले असणार, आणि आता आत दबा धरून बसले होते. फोनवर सांगण्याचं धाडस झालं नाही. मी स्वतः गेले.

मला बघून तो मनापासून हसला. पण सांगावं तर लागणारच होतं. तिला वेगळं बांधा. आणि वासरू जन्मल्याबरोबर उचला. तिचं दूध नको, तिनं चाटायलाही नको. नाहीतर पुढची पिढीही जाईल, आणि तिच्या मागोमाग उरलेला गोठा.

"ती ठणठणीत आहे," तो म्हणाला. हसू कधीच मावळलं होतं. "बघा ना तिच्याकडे!"

"ठणठणीत दिसते आहे तोवरच कळलं, म्हणून तर—"

"मागच्या वेळी बर्फानं सगळं बिघडलं. आता काही बिघडलं नसेल कशावरून?"

"मी दोनदा तपासलं."

"तुमचा विश्वास तुमच्या नळ्यांवर. माझा माझ्या गाईवर." तो पाठ फिरवून तिच्या गळ्याखाली खाजवायला लागला. "आणि पहिलं वासरू... ते चाटूही द्यायचं नाही म्हणता. तुम्ही कधी पाहिलंय का, गाय वासराला कशी चाटते ते?"

पाहिलं होतं. म्हणूनच तर परतताना सगळ्या वाटेनं रडत आले.

त्यानंतर फोन नाही, काही नाही. घरी ताईनं दोन-चार वेळा विचारलं, मी काहीबाही सांगितलं. शेवटी तिनं माझ्या हातातली खरकटी ताटली काढून घेतली. ती मी धुतलेल्या भांड्यांत ठेवत होते.

"अगं, लोकांच्या गाईंचे आजार आधी ओळखतेस," ती म्हणाली, "आणि स्वतःचा?"

"मला काहीही झालेलं नाही."

"ती गायही हेच म्हणत असेल."

मी चिडून खोलीत निघून गेले. पण खोटं कशाला बोलू, आठवण येत होती. आणि राग स्वतःचाच येत होता, कारण आपलं निदान चुकलेलं निघावं असं मला वाटायला लागलं होतं. माझ्यासारखीनं असं वाटून घेणं बरं नव्हे.

मग एका सकाळी, भरल्या प्रयोगशाळेत, फोन वाजला.

"तिला वेणा सुरू झाल्यात," तो म्हणाला. "मी तिला वेगळं बांधलंय. तुम्ही सांगितलं त्याच दिवसापासून. पण वासरू... डॉक्टर, ते मला एकट्याला नाही जमणार."

मी पोचले तेव्हा वासराचे पुढचे खूर दिसायला लागले होते. त्याच्या आईनं स्वच्छ पोती अंथरली होती आणि दुसऱ्या, निर्मळ गाईचा साठवलेला चीक कोमट करून बाटलीत भरून ठेवला होता. बाईसाहेबांचा तोरा उतरला होता. बिचारी पुन्हा पुन्हा मान वळवून मागे बघत होती. तो तिच्याशी काहीतरी पुटपुटत होता, लहान मुलाशी बोलावं तसं.

वासरू बाहेर आलं. कालवड! ओली, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. बाईसाहेबांनी जीभ बाहेर काढली, आणि त्याच क्षणी त्यानं वासरू उचललं.

मी उचलणार होते. तसं आमचं ठरलं होतं. पण त्यानंच उचललं, छातीशी धरलं आणि मागे न बघता पलीकडच्या खोपटात गेला. मागून जो हंबरडा आला ना... त्याच्या आईनं तोंडाला पदर लावला.

मी बाटली घेऊन खोपटात गेले. तो पोत्यांवर बसला होता, वासरू मांडीवर, आणि घळाघळा रडत होता, लाज न बाळगता. मी शेजारी बसले. वासरानं बाटलीची बोंडी तोंडात धरली आणि डोळे मिटून चुटुचुटु ओढायला लागलं.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "चाचणी चुकू शकते. क्वचित, पण चुकते. आणि खरी असली तर हिला पोटातच लागण झालेली असू शकते. मग हे सगळं... तुम्ही तिच्यापासून हिला तोडलं, ते उगाचच ठरेल. मला याची खूप भीती वाटते. तेव्हाच सांगायला हवं होतं."

तो वासराच्या ओल्या कानामागे पुसत राहिला.

"नळ्यांवर माझा अजूनही विश्वास नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही रडत गेलात ना त्या दिवशी, आईनं पाहिलं होतं. माझ्या गाईसाठी रडणारं माणूस उगाच तिचं वासरू कशाला तोडेल? म्हणून उचललं. आणि चुकलं तर चुकलं. आपण दोघं मिळून चुकू."

'आपण दोघं'... मी बाटली घट्ट धरली. त्याचा हात बाटलीवर आला, माझ्या बोटांवर, आणि तिथेच राहिला. वासराला काय, त्याला दुधाशी मतलब.

पलीकडे बाईसाहेब हंबरत होत्या. प्रत्येक हाकेला त्याचे खांदे आखडत होते.

"ती हाका मारायची थांबेपर्यंत... थांबाल?" त्यानं विचारलं.

"आणि ती थांबल्यावर?"

"मग मी हाका मारीन."

मला रडता रडता हसू फुटलं. त्याच्या आईनं दारातून डोकावून पाहिलं, दार लोटून घेतलं, आणि अंगणातून मोठ्यानं विचारलं, "चहात साखर किती घालू गं, पोरी?"

बाईसाहेब संध्याकाळपर्यंत हंबरत होत्या. मी थांबले.