आर्व्हिडच्या नोंदी

माझा एक नियम होता. मनात आलेली गोष्ट फोनवर झटक्यात टिपायची आणि विसरून जायचं. वाचायची, निवडायची ती शनिवारी दुपारी. मी, माझा नवरा आर्व्हिड आणि लेक सिग्ने, आम्हा तिघांची फोनमध्ये एकच टिपणवही होती. आर्व्हिड माझी टर उडवायचा, "इंगा, आपल्या घराला आग लागली तरी तू शनिवारीच विझवशील!"

मागच्या जानेवारीत तळ्यावरचा बर्फ फुटला आणि आर्व्हिड खाली गेला. त्याचा देह सापडला, फोन नाही. वहीतून त्याचं नाव काढायला माझा हात धजला नाही.

यंदाच्या हिवाळ्यातल्या त्या शनिवारी लख्ख ऊन होतं आणि हाडं गोठवणारी थंडी. सिग्ने सकाळीच बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेली होती. मी कॉफी घेऊन बसले. दूध, बॅटऱ्या, दातांचा डॉक्टर... एकेक नोंद आपापल्या कप्प्यात टाकत गेले. मग गुरुवारची एक आली.

"जुन्या धक्क्याजवळचा बर्फ पोकळ झालाय. सिग्नेला सांग."

खाली नाव आर्व्हिडचं.

कुठेतरी अडकलेली जुनी नोंद असेल, असं मी स्वतःला बजावलं. शुक्रवारची वाचली. "इंगा, वाचलंस का?" मग आज सकाळची. "ती निघाली..."

मी सिग्नेला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. बाहेर पडायला कोट ओढला, तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली.

सिग्ने! तिला आत घेतलं आणि मला रडूच फुटलं.

"फोन का उचलत नाहीस गं? धक्क्याकडे गेली होतीस?"

"गेले होते," ती हळूच म्हणाली. "आले ना परत... आई, दार लाव ना."

मी दार लावलं. तिच्या गार केसांवरून हात फिरवला आणि माझ्या त्या नियमाला मनोमन शिव्या घातल्या. आता आलेली नोंद तिथल्या तिथे वाचायची, असं ठरवलं.

फोन थरथरला. मी लगेच वाचलं.

"सिग्ने माझ्याजवळ आहे. दार उघडू नकोस."

"बाबा काय म्हणतात गं?" मागून तिनं विचारलं.

मी नोंद पुन्हा वाचली. पण ती माझ्या घरात होती, माझ्या लेकीच्या आवाजात बोलत होती.

"काही नाही," मी म्हणाले. नोंद पुसून टाकली आणि तिच्यासाठी कॉफी ओतली.